थुंकीच्या थेंबातलं जस्त

बारामतीत किंवा इंदापुरात सराफाकडे जुनं सोनं मोडायला गेलात, की तो दागिना एका पेटीत ठेवतो आणि थोड्याच वेळात सांगतो, "बावीस कॅरेट." ना कसोटीचा दगड, ना तेजाब. पेटीत असतात क्ष-किरण. ते धातूच्या अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडवतात, ती जागा भरताना अणू स्वतःचा क्ष-किरण सोडतो. प्रत्येक मूलद्रव्याचा किरण वेगळा. हेन्री मोझली यांनी 1913 साली त्याचा नियम मांडला.

हीच युक्ती लाळेवरही चालते. लाळेत 99 टक्के पाणी. उरलेल्यात पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोरीन भरपूर. जस्त, तांबं अगदी नावापुरतं. काही मायक्रोलिटर लाळेत गॅलियमचं ठरावीक द्रावण मिसळतात, थेंब गुळगुळीत क्वार्ट्‌झच्या चकतीवर वाळवतात. मागे उरतो पांढुरका डाग. त्यावर जवळजवळ आडवा, अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी कोनात किरण सोडला, की जस्त 8.6 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला दिसतं. गॅलियम माहीत असतं, त्याच्याशी ताडून जस्ताचा हिशेब लागतो. सोडियम मात्र हुलकावणी देतं. त्याचा दुबळा किरण हवेतच विरतो.

मोठं काम असेल तर इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र.

सुई टोचायची नाही, म्हणून लहान मुलंही नमुना देतात. पण आधी चूळ भरायची. सकाळी मिश्री लावून आलेल्या आजींच्या लाळेत मशीन तंबाखूच मोजत बसेल!