डोक्यावरचा भारा आणि कायद्याची हद्द

शहापूर-मुरबाडच्या जंगलातून गुळवेल, हिरडा, मोहफुलं आपण आणतो. हा माल टेम्पोत घालून नेता येतो का, ते आज सांगतो.

संसदेनं २००६ साली वनहक्क कायदा केला. गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क वनहक्कधारकांना दिला, मालकीही दिली. बारीकसारीक नियम करायचं काम सरकारवर सोपवलं. २००८ च्या नियमांत मात्र वाहतुकीसाठी नावं आली फक्त डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी यांची! कायद्यात अशी अट कुठंच नव्हती.

आपल्या बचत गटाचंच बघा. कर्ज कुणाला द्यायचं, ते गट ठरवतो. हप्त्याची तारीख अध्यक्षबाईंवर सोडतो. म्हणून बाईंना कर्जच अडवता येईल का? नाही. १९५१ साली दिल्ली कायद्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं असंच सांगितलं: धोरण ठरवणं हे कायदेमंडळाचं मूळ काम, ते दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. नियमानं कायद्याच्या आतच राहायचं.

२०१२ साली नियम सुधारले. आता योग्य त्या वाहनानं, जंगलाबाहेरही माल नेता येतो. वाहतुकीचा पास ग्रामसभेची समिती देते. वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका लागतात. तेव्हा बायांनो, सभा चुकवू नका. आणि कुणी माल अडवला, तर न घाबरता विचारा, "दादा, हे कायद्यात कुठं लिहिलंय?"