अभ्यासाबाहेरचा अभ्यास

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आपल्या समाजातले पालक कॉलेजात येतात तेव्हा बहुधा दोनच प्रश्न विचारतात : हजेरी किती आणि मार्क किती? प्रश्न रास्त आहेत. पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्याने ते विचारलेच पाहिजेत. पण "आमच्या मुलाला त्या गॅदरिंगच्या आणि कॅम्पच्या भानगडीत पाडू नका," असे पुढे जोडले जाते, तेथे माझा मतभेद सुरू होतो.

माझेच सांगतो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनाचा हिशेब माझ्याकडे आला. मंडपवाला, लाउडस्पीकरवाला, चहावाला, सर्वांचे पैसे माझ्या हातून जायचे. शेवटी बेरीज केली तर 26 रुपयांचा मेळ बसेना. रात्री दोनपर्यंत पावत्या चाळल्या. चहावाल्याची एक पावती घ्यायलाच विसरलो होतो! सर रागावले नाहीत. "पावती नाही, तर खर्चही नाही," एवढेच म्हणाले. जमाखर्चाचा धडा मला पाठ होता; समजला त्या रात्री. पुढे नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी पदवीबद्दल एक प्रश्न विचारला आणि त्या हिशेबाबद्दल पाच.

सनदी सेवांच्या परीक्षेत अंतिम निवड 2025 गुणांवर होते, त्यांपैकी 275 मुलाखतीचे. आपल्या मुलांना येत नाही असे नाही. ओठांबाहेर पडत नाही. घरात एक बोली, शाळेत मराठी किंवा उर्दू, कॉलेजात इंग्रजी. या ओढाताणीत मूल गप्प बसायला शिकते. वक्तृत्व मंडळात पहिल्या दिवशी पाय लटपटतील, मुले हसतीलही. तेथे झालेले हसे स्वस्त पडते.

राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तीत वर्षाला 120 तासांचे काम आणि शिवाय सात दिवसांचे शिबिर असते. परक्या गावात घरोघर जाऊन माहिती विचारणे, ती नीट लिहून घेणे, हे पुढे कुठल्या कचेरीत उपयोगी पडणार नाही? एन.सी.सी.चे तर सरळ आहे. पदवीला 50 टक्के आणि 'सी' प्रमाणपत्राला किमान 'बी' श्रेणी असेल, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या विशेष प्रवेशात लेखी परीक्षा माफ असते. निवड मंडळाची कसोटी मात्र चुकत नाही. ही वाट मुलींनाही खुली आहे.

विद्यार्थ्यांनो, याचा अर्थ छातीला बिल्ले लावून वर्गाबाहेर फिरा असा नाही. प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल घेऊन येणारे मी पाहिले आहेत, "तुम्ही स्वतः काय केलेत?" असे विचारले की फाइल मिटते. एकच काम घ्या, पण दोन वर्षे धरून ठेवा.

आणि मुलींच्या पालकांनो, शिबिराचे नाव काढताच आपल्या कपाळाला आठी पडते. काळजी खोटी नाही. पण नकार देण्यापूर्वी कॉलेजात या. सोबत कोणत्या बाई आहेत, मुक्काम कोठे आहे, परत कधी येणार, हे सारे विचारा. जमल्यास शिबिरात एक दिवस अम्मीला घेऊन या आणि आपली मुलगी गावच्या सरपंचांशी कशी बोलते, ते मागे उभे राहून ऐका.