शेवटच्या रांगेतला माणूस

होमिओपॅथीच्या डॉक्टरने पॉपगायकावर बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. आपल्या बेळगावात गाणे म्हटले की गोष्ट सुळेभावीच्या कुमार गंधर्वांपासून सुरू होते. मी त्यातच वाढलो. म्हणून कॉलेजात जाणारा माझा मुलगा क्वीन या इंग्लंडच्या बँडची कॅसेट लावायचा, तेव्हा मी एकदा ‘गोंगाट’ म्हणून ओरडलो. त्याने गिटार माळ्यावर टाकली. विषय संपला.

अलीकडे त्याच बँडचे १३ जुलै १९८५चे चित्रण पाहिले. इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेला कार्यक्रम. गायक फ्रेडी मर्क्युरी. पारशी घरातला, जन्म झांझिबारचा, शाळा मात्र आपल्या पाचगणीची. पहिला बँडही त्याने तिथेच शाळेतल्या पोरांबरोबर केला. डॉक्टरची नजर आधी दातांकडे गेली. वरच्या जबड्यात चार दात जादा, त्यामुळे पुढचे बाहेर आलेले. आवाज बिघडेल या भीतीने त्याने ते कधी काढले नाहीत.

गळा उत्तम होताच. पण उत्तम गळ्याची माणसे तुम्ही-आम्ही पुष्कळ ऐकली. त्यांतली किती घराघरांत पोचली? त्या सुमारे वीस मिनिटांत तो मध्येच गाणे थांबवतो आणि शब्द नसलेली एक लकेर फेकतो. बहात्तर हजार माणसे ती परत करतात. तो आणखी अवघड फेकतो. तीही परत येते. लांबचा माणूस, ज्याला तो मुंगीएवढा दिसत असेल, तोसुद्धा त्या घटकेला गवई झालेला असतो.

हे सगळे उत्स्फूर्त होते असे समजू नका. श्रोत्यांनी पाय आपटून, टाळी देऊन साथ करावी, म्हणूनच या बँडने १९७७ साली एक गाणे मुद्दाम रचले होते.

आमच्या बस्तीत एक आजोबा आरती धरत. सूर बेताचा, पण त्यांनी धरली की खांबाआडचा लाजाळू माणूसही गाऊ लागे. ते गावाला गेले की गोड गळ्याचे दुसरे कुणी म्हणायचे, आणि आम्ही नुसते ऐकत उभे राहायचो. मैफलीत आपण दाद देतो. ती मोठीच गोष्ट आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण मुलाला त्या कॅसेटमध्ये काय मिळत होते, हे मला साठी ओलांडल्यावर कळले.

परवा गिटार माळ्यावरून काढली. तारा गंजल्यात. दुरुस्तीला टाकली आहे. दिवाळीला तो यायचा आहे.