मुष्टिदान आणि महाविद्यालय

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें मजकडे सोंपविलेला विषय वरवर पाहतां केवळ हिशेबाचा आहे. आपल्या गांवचीं व आसपासच्या खेड्यांतील जीं मुलें बारावीची परीक्षा उत्तीर्ण होतात, त्यांस महाविद्यालयांत जातां यावें म्हणून धर्मग्रामानें स्वतःच्या पैशानें एक शिष्यवृत्तिनिधि उभारावा, असा एक ठराव समितीपुढें आहे. देवमंदिरास नवा घंटामनोरा बांधावा, असा दुसराही ठराव आहे. दोहोंचाही पुरस्कार करणारे भाविक आहेत आणि घंटेविषयीं माझ्या मनांत लवमात्र अनादर नाहीं. परंतु थैली एकच आहे. ती कोणीकडे रिकामी करावी याविषयीं धर्मगुरूनें आपलें मत झांकून ठेवूं नये. माझें मत शिष्यवृत्तीच्या बाजूचें आहे. त्याचीं कारणें आतां निवेदन करतों.

प्रथम आपल्या जिल्ह्याकडे पाहूं. वर्धा जिल्ह्याचे आठही तालुके मुख्यतः कापूस, सोयाबीन व तूर यांवर जगतात. मृगाचा पाऊस पडला कीं शेतकऱ्याच्या घरांतला होता नव्हता तो पैसा बियाण्यांत आणि खतांत जातो. कमी पडेल तें कर्ज काढावें लागतें. हा पैसा घरीं परत येतो तो दिवाळीच्या सुमारास सोयाबीन विकल्यावर, आणि त्यानंतर कापसाची वेचणी झाल्यावर. आतां महाविद्यालयाचे प्रवेश केव्हां होतात? नेमके जून-जुलै महिन्यांत! ज्या आठवड्यांत बाप सरकी आणावयास बाजारांत जातो त्याच आठवड्यांत मुलास फी भरावयाची असते. मुलाची बुद्धि कमी पडत नाहीं, बापाची माया कमी पडत नाहीं. पंचांग आड येतें. दिवाळीला तोच बाप तीच रक्कम हंसत देऊं शकला असता. पण दिवाळीपर्यंत प्रवेशाचें दार कोण उघडें ठेवणार?

एक वर्ष गेलें तर काय झालें, पुढल्या वर्षीं जाईल, असें म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांस माझें सांगणें असें कीं, गेलेलें वर्ष बहुधा परत येत नाहीं. मुलगा कोणाच्या तरी शेतावर कामाला लागतो. पुढल्या पाडव्यास तो सालदार होतो आणि त्याच्या सालाच्या पैशावर घराचा भरंवसा बसतो. मुलगी असली तर तिचें स्थळ पाहावयास आरंभ होतो. इ.स. २००६ सालीं पंतप्रधानांनीं कर्जग्रस्त शेतकऱ्यांसाठीं विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांकरितां खास साहाय्य जाहीर केलें, त्यांत आपला जिल्हा होता, हें मुद्दाम सांगावयास नको. त्या वर्षांचें दुःख या मंडपांत बसलेल्या कांहीं घरांनीं प्रत्यक्ष भोगलें आहे.

शासन साहाय्य करीत नाहीं असें मी म्हणणार नाहीं. तें अन्यायाचें होईल. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांकरितां महाविद्यालयीन शिष्यवृत्ति इंग्रजी अमदानींतच, १९४४ सालीं, सुरू झाली, आणि तिच्यामुळें हजारों घरांत पहिला पदवीधर निपजला. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. पुढें १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांस मात्र मिळाला नाहीं. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें दारिद्र्य धुतलें जातें असें मानणारा जो कोणी असेल त्यानें एकदां आमच्या वस्तींत यावें. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं आठ लक्षांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. तथापि फी माफ झाली तरी वसतिगृहाचें भाडें राहतें, खाणावळ राहते, पुस्तकें राहतात, नागपूरचें जाणेंयेणें राहतें. शिवाय सरकारी रक्कम पुष्कळदां वर्ष सरत आल्यावर हातीं येते. आपला निधि शासनाची जागा घेण्याकरितां नाहीं. जून आणि दिवाळी यांमधील खड्डा भरण्याकरितां तो आहे.

दुसऱ्याच्या मुलाच्या शिक्षणास आपण कां हातभार लावावा, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. जुन्या काळीं गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, याप्रमाणें सात घरें मिळून एका मुलाचें पोट भरीत व तो परगांवीं राहून विद्या करी. दुसरा प्रकार माधुकरीचा. झोळी घेऊन ठरलेल्या घरीं जावें, मिळेल तें आणावें आणि अभ्यासास बसावें. पुण्यास १९०९ सालीं स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचे आरंभींचे विद्यार्थी अशाच माधुकरीवर वाढले. या चालींत एक मर्म होतें. मुलगा कोणत्याही एका घरास जड होत नसे आणि कोणत्याही एका घराचा मिंधाही राहत नसे. तिची उणीवही सांगितली पाहिजे. हें दार बहुतांशीं वरच्या जातींतील मुलालाच उघडें होतें. ज्याच्या सावलीचा विटाळ मानीत, त्याच्या झोळींत अन्न कोण घालणार?

ती उणीव ज्यांनीं भरून काढली त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांनीं १९१९ सालीं सातारा जिल्ह्यांतील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातिधर्मांचीं मुलें एका पंक्तीस बसत. त्यांच्या पोटाची तरतूद कशी व्हावी? खेड्यापाड्यांतील बायांनीं आपल्या घरच्या धान्यांतून एक मूठ बाजूस काढावी, तें धान्य गोळा करून वसतिगृहास द्यावें, अशी योजना भाऊरावांनीं घातली. यासच मुष्टिफंड म्हणत. वसतिगृहांत अन्नाची अडचण पडली तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रसुद्धां दिलें. अशा संस्थेनें १९४७ सालीं साताऱ्यास महाविद्यालय उघडलें! आपल्या विदर्भाचे गाडगे महाराज स्वतः निरक्षर, पण शिक्षणासाठीं ताटवाटी मोडावयास सांगणारे. त्यांचाही जीव या संस्थेवर होता. दूर मिझोराममध्यें आपल्याच ख्रिस्ती भगिनी, संप्रदायानें प्रेस्बिटेरियन, प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर तांदूळ देवळासाठीं वेगळा काढतात. त्या तांदळावर तेथील मंडळीचीं मोठमोठीं कार्यें चाललीं आहेत.

कोणी म्हणेल, वर्ध्यास दात्यांची वाण कधीं पडली? खरें आहे. जमनालालजी बजाज यांनीं १९१४ सालीं येथें शिक्षा मंडळाचा पाया घातला. १९४० सालीं गोविंदराम सेकसरिया यांच्या नांवाचें वाणिज्य महाविद्यालय निघालें. शेजारीं नागपुरास रावबहादुर लक्ष्मीनारायण यांनीं मृत्युपत्रानें विश्वविद्यालयास सुमारें पस्तीस लक्ष रुपये ठेविले आणि त्यांतून १९४२ सालीं तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. या थोर पुरुषांचें ऋण आपण मानलेंच पाहिजे. परंतु धनिकाच्या देणगीनें इमारत उभी राहते. आष्टी-कारंज्याकडील मुलास त्या इमारतीच्या दारापर्यंत पोंचविणें हें काम धनिकाचें नव्हे. तो मुलगा कोण, त्याचा बाप कोणत्या अडचणींत आहे, हें शेजाऱ्यालाच ठाऊक असतें.

आमच्या पवित्र धर्मसभेनें तर ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली. लॅटरन येथील तिसऱ्या धर्मपरिषदेनें ११७९ सालीं असा नियम केला कीं, प्रत्येक मुख्य देवमंदिरानें एका शिक्षकाच्या चरितार्थाची सोय करावी व त्यानें गरीब विद्यार्थ्यांस फुकट शिकवावें. पॅरिस येथें १२५७ च्या सुमारास रॉबेर द सोर्बों या धर्मगुरूनें गरीब विद्यार्थ्यांकरितां जें निवासस्थान काढलें, त्याचेंच नांव पुढें जगप्रसिद्ध विद्यापीठास लाभलें. आणखी जवळचें उदाहरण सांगतों. फ्रान्समधील कां या शहरीं झान बिगार व तिची आई स्तेफानी या दोघींनीं १८८९ सालीं संत पेत्राच्या नांवानें एक संस्था काढली. मिशनच्या देशांतील मुलांस धर्मगुरु होतां यावें म्हणून सामान्य लोकांकडून लहानलहान वर्गण्या गोळा करणें हें तिचें काम. ज्यांनीं कधीं हिंदुस्थान पाहिला नाहीं, अशा मोलकरणींनीं व शेतकऱ्यांनीं या देशांतील गुरुविद्यालयांस पैसे धाडले. तुमच्यासमोर उभा असलेला हा धर्मगुरु अशाच अन्नावर शिकला आहे. परक्यांनीं आमच्याकरितां जें केलें तें आपण आपल्या लेंकरांकरितां करूं नये काय?

आतां आक्षेपांकडे वळतों. पहिला आक्षेप असा कीं, शिकलेलीं मुलें गांव सोडून जातात. जातात, हें मला मान्य आहे. पुण्यास जातात, कोणी परदेशींही जातात. पण निधि म्हणजे दावें नव्हे. ज्यास परत यावयाचें तो येईल. न येणारा जेथें जाईल तेथें आपल्या धाकट्या बहिणीची वाट सोपी करील. याहून अधिक अट मला घालावयाची नाहीं. रक्कम कर्ज म्हणून द्यावी, असेंही कोणी सुचविलें आहे. कर्जानें वांकलेल्या घरांत आणखी एक कर्ज आपण कशास न्यावें? कमावता झाल्यावर त्यानें स्वखुशीनें निधींत भर घालावी. लिहून कांहीं घेऊं नये.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. हा निधि केवळ आपल्या कॅथोलिक मुलांकरितां असावा कीं सर्वांकरितां? माझें उत्तर स्पष्ट आहे. आपल्या शाळांतून हिंदु, बौद्ध, मुसलमान अशीं सर्व मुलें एका बांकावर बसतात. निकालाच्या दिवशीं तीं वेगळीं कां व्हावींत? आणि मदत घेणाऱ्याच्या धर्माशीं या निधीचा कोणताही संबंध असतां कामा नये. आमिष दाखवून कोणास धर्मांत आणणें धर्मसभेनें १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेंत सक्त निषिद्ध ठरविलें आहे. आपल्याविषयीं शंका घेणारे लोक आहेत. त्यांस उत्तर भाषणानें देतां येत नाहीं, हिशेबाच्या वहीनें देतां येतें.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, माझी विनंति आहे. मदत मिळालेल्या मुलांचीं नांवें वेदीवरून वाचूं नयेत, आणि मोठा कागदी धनादेश हातांत देऊन छायाचित्र काढण्याची जी नवी रीत निघाली आहे ती येथें नसावी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा स्वाभिमान ही कांहीं क्षुल्लक वस्तु नाहीं.

व्यवस्थेविषयीं थोडक्यांत सांगतों. निवड केवळ गुणांवर करूं नये. पंच्याऐंशी गुणांचा मुलगा जर व्यापाऱ्याचा असेल आणि साठ गुणांची मुलगी निंदणास जाऊन शिकली असेल, तर पहिला हक्क तिचा. निवड करणाऱ्यांत एक शिक्षक व निदान दोन स्त्रिया असाव्यात. बँकेचा व्यवहार एकट्या धर्मगुरूच्या सहीनें चालूं नये. धर्मगुरूंच्या बदल्या होतात आणि निधि मात्र येथेंच राहावयाचा आहे. रक्कम दिवाळीनंतर जमा करावी व जूनपर्यंत तिला हात लावूं नये. समजा, शंभर घरांनीं दररोज दोन रुपये बाजूस ठेविले, तर वर्षाचे ७३,००० रुपये होतात. तेवढ्यानें कोणी वैद्य होणार नाहीं, हें मला कळतें. पण कांहीं मुलांचा जून महिना निभावून जाईल. ज्यांच्या घरीं मजुरीवांचून कांहीं नाहीं त्यांच्याकडे वर्गणीकरितां कोणीही जाऊं नये. त्यांनीं आपण होऊन मूठभर तूर आणली तर ती मात्र परत करूं नये.

ठराव संमत झाल्यास पहिली वर्गणी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारीं मिस्सेनंतर घेतली जाईल व प्रत्येकास तेथल्या तेथें पावती मिळेल. ज्यांस धान्य द्यावयाचें असेल त्यांनीं तें आदल्या शनिवारीं सायंकाळपर्यंत शाळेच्या पडवींत आणून द्यावें. कापूस आणणाऱ्यांनीं तो ओला आणूं नये.