वैशाखातली होडी

(जालना येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘उथळ पाण्यातली मासेमारी आणि होडीची निवड’. तो वाचून हसणारे मला दारातच भेटले. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारलं, “अहो, आपल्याकडे आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, आणि तुम्ही होड्या कसल्या निवडताय?” (हशा) हसा, जरूर हसा. पण माझं सगळं म्हणणं याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. पाणी भरपूर असतं तिथं कशीही होडी चालते. पाणी कमी असतं तिथंच ती पारखून घ्यावी लागते.

म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो. जालना जिल्ह्यात होडी घ्यायची असेल, तर भादव्यातलं पाणी बघून घेऊ नका. वैशाखातलं पाणी बघून घ्या. बाकी तासभर मी जे बोलेन, ते याच वाक्याचं स्पष्टीकरण.

जिल्ह्याचा भूगोल या सभागृहात सांगायला नको. दक्षिणेला शहागडपासून पुढे गोदावरी, तिच्यावर जोगलादेवी आणि मंगरूळचे बंधारे. मधून दुधना, शहरातून कुंडलिका, वर पूर्णा, आणि भोकरदनकडे केळना, जुई, गिरजा. परतूर-मंठ्याकडे निम्न दुधना धरणाच्या फुगवट्याचं पाणी. या पाण्याचा स्वभाव मात्र सांगायला हवा. आपली जमीन सपाट, त्यामुळे तलाव पसरट. शेजारचा नाथसागर घ्या. 102 टीएमसीचं धरण, पण त्यातलं 26 टीएमसी मृतसाठा. 2012-13 च्या दुष्काळात आणि नंतरही तो मृतसाठ्यात गेलेला आपण पाहिलाय. आता साधा हिशेब करा. काठाला दोनशे मीटरला एक मीटर उतार असेल, तर पाणी एक मीटर उतरल्यावर काठ दोनशे मीटर मागे जातो. आणि त्या दोनशे मीटरांत काय असतं? गाळ. काळ्या मातीचा, गुडघ्याएवढा, चप्पल गिळणारा गाळ. त्यात धरणाखाली गेलेल्या बाभळींचे बुंधे, बुडालेल्या विहिरींचे कठडे, कडेनं बेशरमाची झुडपं. आपल्याकडे होडीची खरी परीक्षा होते ती या पट्ट्यात.

या कसोटीवर एकेक गोष्ट घासून बघू.

पहिली गोष्ट वजन. मासेमारीच्या कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या छोट्या होड्या, साधारण पंचवीस किलोपासून चाळीस-पन्नास किलोपर्यंत येतात. दुकानात चाळीस आणि तीस यांत फरक वाटत नाही, गाळात वाटतो. चाकांची गाडी लावू म्हणाल, तर अरुंद चाकं काळ्या मातीत रुततात. दोरी बांधून ओढणं हाच उपाय. तेव्हा एकट्या माणसाला गाळातून ओढता येईल आणि काठावर खांद्यावर घेता येईल, एवढीच होडी. माझ्या मते पस्तीस किलोच्या वर जाऊ नये.

दुसरी गोष्ट बूड. आर्किमिडीज तुम्ही शाळेत शिकलात, तो सोडून देतो, फक्त बेरीज करतो. माणूस पासष्ट किलो, होडी तीस, जाळं आणि मासळी पंचवीस. झाले एकशेवीस किलो. म्हणजे होडीनं एकशेवीस लिटर पाणी बाजूला सारलं पाहिजे. तीन मीटर लांब, ऐंशी सेंटीमीटर रुंद आणि बुडाला सपाट अशी होडी असेल, तर दोन्ही टोकांची निमुळती जागा वजा करूनही ती सात सेंटीमीटरच्या आसपास बुडते. म्हणजे चार बोटं. (एक श्रोता: “चार बोटं पाणी तर आमच्या हौदात पण असतंय!”) (हशा) असतं ना! मग जिल्ह्यात होडी चालते हे सिद्ध झालं. (टाळ्या) तेच बूड गोल आणि अरुंद घेतलं, तर होडी धावते छान, पण खोल बसते आणि जाळं ओढताना कलंडते. लांब पल्ल्याच्या शर्यतीला ती ठीक. आपल्याला शर्यत लावायची नाही. गुऱ्हाळातली काहिल पुराच्या पाण्यात माणसं पलीकडे नेते, ती रुंद आणि सपाट आहे म्हणूनच.

तिसरी गोष्ट, बुडाखाली काय लोंबतं. पायडल मारून चालणाऱ्या कयाक आता मिळतात. हात मोकळे राहतात हे खरं, पण त्यांची पाती बुडाखाली हातभर जातात. जलपर्णीत एकदा गुंतली, की दुपार त्यातच जाते. सुकाणूचं पातंही तसंच. ते वर उचलता येत नसेल, तर घेऊ नका. आपल्या पाण्याला साधं वल्हं, आणि जोडीला रेटायला एक बांबू. तो तळाचा अंदाजही देतो.

हवा भरायच्या होड्यांबद्दल विचाराल. घडी घालून स्कूटरवर नेता येतात, किंमतही कमी. पण तळाशी बाभळीचा काटा आहे हे विसरू नका.

चौथी गोष्ट, आत बसायची होडी की वर बसायची? कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्यूट लोकांची. सांगाड्यावर सीलचं कातडं ताणलेली, वरून झाकलेली, कारण तिथलं पाणी गोठवणारं. 1970 च्या सुमारास कॅलिफोर्नियात टिम नीमियर नावाच्या माणसानं लाटांवर घसरायची फळी कोरून वर बसायची जागा केली, बुडी मारून आलं की पुन्हा चढता यावं म्हणून. तिथून वर बसायच्या कयाक निघाल्या. यांना आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी आपोआप खाली जातं. पोट बंद असतं, त्यामुळे उलटली तरी भरत नाही. आपल्या पाण्याला हीच. आणि ही बनते कशी? साच्यात प्लास्टिकची पूड घालून, साचा तापवत आणि फिरवत. याला रोटोमोल्डिंग म्हणतात. तुमच्या प्रत्येकाच्या गच्चीवर या पद्धतीची एक वस्तू ठेवलेली आहे. ती पाण्याची टाकी! (हशा, टाळ्या)

ही टाकीची गोष्ट मी टाळ्यांसाठी सांगितली नाही. जो टाकी बनवतो, तो होडीही बनवू शकतो. ती कुणासाठी बनवायची हे कळावं म्हणून मला दुधनाच्या फुगवट्यावरचे एक मामा सांगावेसे वाटतात. विषयाच्या टिपणात ते नाहीत, पण त्यांना वगळून पुढे जाता येणार नाही.

भोई समाजातले, साठीच्या पुढचे. मासेमारी ट्रकच्या ट्यूबवर. आपल्यापैकी बहुतेकांनी ती लांबूनच पाहिलेली असते. ट्यूबच्या मध्ये दोरीची वीण, त्यावर माणूस, हातात वल्ह्याच्या जागी फळीचे तुकडे, आणि पाय पाण्यात. तंगूसचं जाळं संध्याकाळी टाकायचं, पहाटे काढायचं. पौषातल्या पहाटेही पाय पाण्यातच. काहीजण थर्माकोलचे तुकडे खताच्या गोणीत भरून, दोरीनं आवळून त्यावर बसतात. उन्हानं थर्माकोल भुरभुरतं आणि त्याचे दाणे पाण्यावर पसरतात.

वैशाखात मी माझी होडी घेऊन त्या काठावर गेलो होतो. मामांनी तिच्या रंगाकडे, खुर्चीकडे, गळकाठी खोचायच्या जागांकडे बघितलंही नाही. त्यांनी ती पालथी केली. बुडावरून तळहात फिरवला, गुडघ्यानं मधोमध दाबून बघितलं. मग एक टोक उचलून खांद्यावर घेतलं आणि गाळातून दहा पावलं चालून आले. म्हणाले, “बूड चांगलंय, सर. पर जाळं वढताना टेकावं कुठं?” मी म्हणालो, “तुम्हीच बसून सांगा, मामा.” ते गेले. खुर्ची त्यांनी आधीच काढून ठेवली होती. गुडघे टेकून बसले, जाळं पुढ्यात घेतलं, बांबूनं रेटत बेशरमाच्या कडेनं शिरले. तिथं पाणी वीतभरही नव्हतं, आणि मरळ तिथंच असतो. तो हवेतून श्वास घेतो, गढूळ उथळ पाणी त्याला चालतं. ट्यूबवरून त्या जागी जाता येत नाही, कारण ट्यूबवर पाय खाली लोंबतात आणि गाळाला टेकतात.

परत आल्यावर ते बांधावर बसले आणि पाय समोर केले. भेगांमध्ये चिखल पक्का भरलेला, नखं मऊ पडलेली. म्हणाले, “आज पाय कोरडे राहिले बघा.” मासे किती मिळाले, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. नंतर त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली. ते म्हणाले, “मग ही तुमच्यासाठीच हाय.”

बंधुभगिनींनो, हे वाक्य मला मान्य नाही. ते सांगायलाच मी इथं उभा आहे. हौशी माणसासाठी बनलेल्या होडीत जे गुण असतात, ते सगळे मामांसारख्या मच्छीमाराला जास्त लागतात. सपाट बूड, हलकं वजन, उलटली तरी न बुडणं. खुर्ची नको, ढोपराखाली जाड पट्टी हवी. गळकाठीच्या जागा नकोत, जाळं न अडकणारा गुळगुळीत काठ हवा. म्हणजे होडी स्वस्तच होते. (अध्यक्ष चिठ्ठी देतात.) दहा मिनिटं? पाच? बरं, पाच.

मग भरभर सांगतो. हे जालना आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथं महिको ही बियाणे कंपनी उभी केली, पुढे 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. या गावाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. वाण कागदावर पारखत नाहीत, शेतकऱ्याच्या रानात लावून पारखतात. होडीचंही तसंच करा. एक साचा करा, पाच होड्या काढा, पाच मच्छीमारांना वैशाखात द्या, आणि ते सांगतील तसा साचा बदला.

पैशाचं म्हणाल, तर 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी-जाळ्यासाठी मदतीची तरतूद आहे. सर्वसाधारण गटाला चाळीस टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना साठ टक्के. मच्छीमार सहकारी संस्थांना माझी विनंती आहे, मागणीपत्रात नुसतं ‘होडी’ लिहू नका. वजन लिहा, रुंदी लिहा, सपाट बूड लिहा, उन्हानं न तडकणारं प्लास्टिक लिहा. न लिहिलं तर ठेकेदार देईल ती होडी येते, आणि मग ती काठावर पालथी पडून राहते.

(मागून प्रश्न: “हौशी लोकांनी घ्यायचीच नाही का?”) घ्या ना! तुम्ही घेतलीत तरच ती इथं विकायला येईल, दुरुस्त करणारा तयार होईल. पण तलावात संस्थेचा ठेका असतो, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. त्यांच्या जाळ्यावरून होडी नेऊ नका. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनखात्याची परवानगी लागते. गोदावरीत वाळू उपशाचे खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल डोक्यावर पाणी जाईल अशा जागी पडतं. म्हणून लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत ठेवलेलं नको. वरून पाणी सोडण्याचा इशारा असेल त्या दिवशी घरी बसा. होडी वापरून झाली की सावलीत ठेवा.

अध्यक्ष पुन्हा घड्याळ बघताहेत. शेवटची विनंती. सभागृहात कारखानदार बसलेले दिसताहेत, मच्छीमार संस्थांचे पदाधिकारी आहेत, आणि मघाशी हसलेले आमचे स्नेहीही आहेत. वैशाख सरायच्या आत दुधनाच्या काठावर माझ्याबरोबर चला. होडी मी आणतो. कारखानदारांनी ती गाळातून शंभर पावलं ओढून बघायची, संस्थांनी बसून बघायची, आणि दोघांनी तिथंच बोलायचं की साचा कोण करणार आणि पहिल्या होड्या कोण घेणार. ज्यांना यायचंय त्यांनी खाली आयोजकांकडे नाव द्या.

(टाळ्या)