यंत्राला प्रश्न विचारण्याची रीत



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, इतिहासावर, अर्थकारणावर बोलणारे विद्वान आपण ऐकले आहेत. त्यांच्या पंक्तीला संगणकाच्या आज्ञावलीसारखा रुक्ष विषय घेऊन बसताना आम्हांला संकोच वाटतो. परंतु आज विजेचे बिल, घरपट्टीची पावती, मुलांचा निकाल, रेल्वेचे तिकीट या सर्वांच्या मागे कोणीतरी लिहिलेली आज्ञावली उभी असते. जी गोष्ट आपल्या खिशाला आणि नावाला हात घालते, ती कशी लिहिली जाते हे नागरिकाला ठाऊक असू नये काय?

आज्ञावली लिहिण्याच्या दोन परंपरा आहेत. पहिली वस्तुकेंद्री; इंग्रजीत तिला ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणतात. नॉर्वेमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगोर या दोघांनी 1960 नंतरच्या दशकात सिम्युला ही भाषा घडविली, तेथे हिचा उगम आहे. पुढे अॅलन के व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत स्मॉलटॉक या भाषेत तिला पूर्ण रूप दिले. कल्पना साधी आहे. ग्रंथालयाची आज्ञावली लिहावयाची, तर सभासद, पुस्तक, खाते अशा वस्तू कल्पावयाच्या. प्रत्येकीजवळ तिची माहिती आणि तिची कामे ठेवावयाची. खात्यावर दंड मांडावयाचा असेल, तर तो खात्यानेच मांडावा. दुसऱ्याने परस्पर त्याच्या पेटीत हात घालू नये. एखाद्या जुन्या पेढीतील कामाची वाटणीच म्हणा ना!

दुसरी परंपरा गणितातून आली. गणितात आपण ज्याला फलन म्हणतो, तो हिचा पाया. अलोन्झो चर्च यांनी 1930 नंतरच्या दशकात फलनांचा एक कलनविचार मांडला आणि त्याला लॅम्डा या ग्रीक अक्षराचे नाव मिळाले. जॉन मॅकार्थी यांची 1958 साली आरंभिलेली लिस्प ही भाषा याच वाटेने गेली. फलनाचा धर्म असा की, तेच दिले तर तेच उत्तर मिळते, आणि उत्तर देताना ते इतर कशाला धक्का लावीत नाही. चारचा वर्ग सोळा. सकाळी विचारा, रात्री विचारा, दहा वेळा विचारा. विचारल्यामुळे चाराचे पाच होत नाहीत.

आता या दोहोंची गाठ कोठे पडते ते पाहू. ग्रंथालयात ज्यांची पुस्तके परत आली नाहीत, त्यांची यादी हवी आहे. जुन्या रीतीने यंत्राला सांगावे लागे: वहीचे पहिले पान उघड, पहिली ओळ वाच, तारीख उलटली आहे काय पहा, उलटली असेल तर नाव दुसऱ्या कागदावर उतरव, पुढच्या ओळीवर जा, पाने संपली की थांब. म्हणजे ‘कसे करावे’ हे पायरीपायरीने सांगावयाचे. नव्या रीतीने आपण एवढेच म्हणतो: वहीतील नोंदी घे, तारीख उलटलेल्या तेवढ्या ठेव, नावाच्या क्रमाने लाव, प्रत्येकीतून नाव व पत्ता दे. येथे ‘काय हवे’ एवढेच सांगितले आहे. चाळणे, क्रम लावणे, रूपांतर करणे, गोळाबेरीज करणे अशा मोजक्या क्रियांत बहुतेक प्रश्न मावतात. कोणत्या कसोटीने चाळावे, ते एका लहानशा बिननावाच्या फलनाने सांगावयाचे. या बिननावाच्या फलनालाच आजचे आज्ञावलीकार लॅम्डा म्हणतात.

माहितीच्या साठ्याला प्रश्न विचारण्याची कला काही नवी नव्हे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी 1970 साली कोष्टकांची उपपत्ती मांडली; तिच्या आधारे 1974 साली चेंबरलिन आणि बॉइस यांनी जी प्रश्नभाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल या नावाने जगभर गेली. अडचण एवढीच होती की, वस्तुकेंद्री आज्ञावलीत हा प्रश्न केवळ अक्षरांची माळ म्हणून लिहावा लागे. कंपायलर, म्हणजे आज्ञावली चालण्यापूर्वी तिची तपासणी करून यंत्रभाषेत रूपांतर करणारा आपला मुनीम, त्या माळेचा अर्थ जाणत नसे. त्याच्या लेखी ते पाकीटबंद पत्र होते. आत चूक असली, तर ती काम चालू असताना, गिऱ्हाईक खिडकीशी उभे असताना बाहेर येई.

2007 साली मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत या अडचणीवर उपाय आला. त्याचे नाव लिंक. अँडर्स हेल्सबर्ग हे तेव्हा या भाषेचे प्रमुख रचनाकार होते. फलनपरंपरेतील हॅस्केल या भाषेचे संस्कार घेऊन आलेले एरिक मेयर यांचाही लिंकच्या घडणीत मोठा वाटा आहे. येथे प्रश्न हा भाषेचाच भाग झाला, आणि मुनीम तो आधी वाचून पाहू लागला. प्रश्न स्मरणातील यादीला विचारावा किंवा दूरच्या साठ्याला. लिहिण्याची रीत बव्हंशी एकच. साठ्यासाठी असेल, तर त्याचे एसक्यूएलमध्ये भाषांतर करून तो पाठविता येतो. 2014 साली जावा या भाषेच्या आठव्या आवृत्तीनेही लॅम्डा व प्रवाह यांचा स्वीकार केला.

यातील एक गंमत मराठी माणसाला चटकन कळेल. एसक्यूएलमध्ये ‘काय हवे’ ते आधी आणि ‘कोठून’ ते मागाहून सांगतात. लिंकने हा क्रम उलटा केला: आधी कोठून, मग कोणते, शेवटी काय. कारण व्यवहारी आहे. साठा कोणता ते आधी कळले, म्हणजे त्यात काय काय आहे ते लिहिणाऱ्याला सुचविता येते. आपण तरी काय म्हणतो? ‘या आढीतले पिकलेले आंबे काढून दे.’ आढी आधी, कसोटी मग, क्रिया शेवटी!

येथवर गुणगान झाले. आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. कारण या विषयाचे मर्म आम्हांला ग्रंथांपेक्षा तिनेच अधिक शिकविले.

एका ग्रंथालयासाठी आम्ही थकलेल्या पुस्तकांची पत्रे तयार करणारी आज्ञावली लिहिली होती. प्रश्न नव्या रीतीने, मोठ्या ऐटीत लिहिला: तारीख उलटलेल्या नोंदी चाळ, आणि प्रत्येकीचे पत्रात रूपांतर कर. त्या रूपांतरातच आम्ही एक जोडकाम घुसडले. जाता जाता खात्यावर दंडही मांड, आणि खात्यावरची रक्कम पत्रात लिही. पत्रे आधी पडद्यावर पाहिली. 10 रुपये दंड, अगदी बरोबर. मग तीच छापून पाठविली.

चार दिवसांनी एक निवृत्त शिक्षक पत्र घेऊन आले. पत्रात 20 रुपये होते. ते म्हणाले, ‘दहा रुपयांचा प्रश्न नाही हो. पण मी मुलांना हिशेब शिकवले. माझा चुकला की तुमचा, तेवढे सांगा.’

हिशेब आमचा चुकला होता. लिंकमधील असा प्रश्न म्हणजे उत्तर नव्हे. तो जपून ठेवलेला प्रश्नच असतो. उत्तर मागावे तेव्हा तो नव्याने विचारला जातो. पडद्यावर पाहिले तेव्हा तो एकदा चालला आणि दंड मांडला गेला. छापताना पुन्हा चालला आणि दंड पुन्हा मांडला गेला. उत्तर एकदाच काढून यादीत उतरवून ठेवले असते, तरी हे टळते. पण खरा दोष त्याहून खोल होता. फलनाचे रूप घेऊन आम्ही फलनाचा धर्म मोडला होता. विचारणे आणि बदलणे ही दोन कामे आम्ही एका वाक्यात कोंबली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती वेगळी केली. प्रश्न फक्त विचारील. दंड मांडणे हे खात्याचे काम. ते एकदाच, वेगळ्या ओळीत, सर्वांना दिसेल असे होईल. जादा दंड सर्व खात्यांवरून काढला, आणि गुरुजींना ‘चूक आमची’ असे स्वहस्ते लिहून दिले.

म्हणून या दोन परंपरांत श्रेष्ठ कोणती, या वादात आम्ही पडत नाही. ज्याची स्थिती बदलते, त्या खात्याचा सांभाळ वस्तूने करावा. जे केवळ चाळावयाचे, मोजावयाचे, मांडावयाचे, ते फलनाने करावे. आणि दोहोंमधील उंबरठा स्पष्ट ठेवावा. नवी रीत थोडक्यात लिहू देते, हा तिचा लहान गुण. लिहिलेले वाचून दुसऱ्या माणसाला ‘येथे काय विचारले आहे’ हे कळते, हा मोठा गुण. ज्याच्या नावावर रक्कम पडते, त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. आणि ज्याने यंत्राला प्रश्न घातला, त्याला उत्तर देता आले पाहिजे.