डब्यावरचें लेबल आणि त्याचा चिकटा

देवळ्याच्या परिसरांत उन्हाळा भरांत आला म्हणजे घराघरांच्या गच्चीवर कुरडया, पापड आणि शेवया वाळूं लागतात. कळवण, सटाणा, मालेगांव आणि देवळा मिळून ज्याला 'कसमादे' म्हणतात त्या सबंध पट्ट्यांत आखाजीचा सण जवळ आला कीं, वर्षाचें हें वाळवण भरून ठेवण्यासाठीं डबे हुडकण्याची घाई सुरू होते. पूर्वीं या कामासाठीं मडकीं, चिनी मातीच्या बरण्या आणि पत्र्याचे डबे असत. आतां बहुतेक घरांतून त्यांची जागा प्लॅस्टिकच्या डब्यांनीं घेतली आहे. त्यांतले कांहीं विकत आणलेले, तर कांहीं लोणच्याचे, बिस्किटांचे किंवा तेलाचे रिकामे झालेले. या प्रत्येक डब्यावर एक लेबल असतें. तें ओढलें तर अर्धें हातांत येतें आणि अर्धें डब्यालाच राहतें. आणि जें राहतें त्यावर पीठ व धूळ बसून काळा, चिकट डाग तयार होतो. प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. परंतु त्याच्या एका टोकाला जिवावर बेतणारी गोष्टहि आहे. ती ओघानें पुढें येईल.

हें लेबल इतक्या हट्टानें चिकटून कां बसतें, तें प्रथम पाहिलें पाहिजे. जुन्या काळीं बाटल्यांवर जे कागद चिकटवीत ते पिठाच्या खळीनें किंवा डिंकानें. खळ आणि डिंक हीं दोन्हीं पाण्याचीं सोबती. बाटली रात्रभर पाण्यांत ठेवली कीं सकाळीं कागद आपोआप सुटून वर तरंगे. १९३५ सालीं अमेरिकेंत स्टॅंटन एव्हरी यांनीं पाठीमागें चिकटा आधींच लावलेलें, नुसतें दाबून बसवितां येणारें लेबल तयार केलें, आणि पुढें सगळ्या जगाच्या दुकानदारीनें तें उचललें. या लेबलाचा चिकटा रबरासारख्या किंवा ॲक्रिलिक जातीच्या द्रव्याचा असतो. तो पुरता घन नाहीं आणि पुरता द्रवहि नाहीं. दाबल्याबरोबर तो अतिशय दाट काकवीप्रमाणें पसरतो, पृष्ठभागावरील डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांत शिरतो, आणि एकदम ओढला तर घट्ट रबराप्रमाणें विरोध करतो. पाण्याचें व त्याचें सख्य नसतें; म्हणूनच केवळ पाण्यानें घासून हात दुखतात, डाग मात्र जात नाहीं.

या स्वभावांतच उपायाची किल्ली आहे. ऊब दिली कीं हा चिकटा मऊ पडतो. तेल लागलें कीं तो फुगतो व त्याची पकड सैल होते. आणि हळू ओढला तर त्याला प्रवाहासारखें सरकण्यास अवकाश मिळतो. घाईनें मारलेला हिसका कागद फाडतो. सावकाश ओढ चिकट्यासह लेबल घेऊन येते. ऊब, तेल आणि सबुरी हीं तीनच साधनें, आणि तिन्हीं घरांतलींच आहेत.

मात्र हात घालण्यापूर्वीं डबा उलटा करून त्याचें बूड पाहावें. तेथें बाणांच्या त्रिकोणांत एक आंकडा उमटविलेला असतो. १ हा आंकडा पाण्याच्या व तेलाच्या पारदर्शक बाटल्यांवर आढळतो; हें प्लॅस्टिक कढत पाण्यानें आकसतें व वांकडें होतें, म्हणून त्याला कोमट पाणीच द्यावें. २ आणि ५ हे आंकडे दुधट, किंचित् मेणचट लागणाऱ्या डब्यांचे. हें प्लॅस्टिक सोशीक असून घरगुती द्रव्यांनीं सहसा बिघडत नाहीं. ६ हा आंकडा कांचेसारख्या स्वच्छ, पण ठिसूळ पेट्यांवर असतो. गाण्यांच्या तबकड्यांच्या पेट्या याच जातीच्या. हें प्लॅस्टिक सर्वांत नाजूक होय. ७ या आंकड्याखालीं इतर सर्व जातींची गर्दी आहे. तेव्हां तेथेंहि जपूनच वागावें.

आतां प्रत्यक्ष कृति. लेबल कागदाचें आहे कीं प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचें, हें नखानें कोपरा उचलून पाहावें. पापुद्र्याचें असेल तर तेल त्यांतून आंत झिरपत नाहीं. म्हणून आधीं ऊब द्यावी. केस वाळविण्याचें यंत्र असल्यास त्याची ऊन हवा थोडी दुरून अर्धा मिनिट फिरवावी. नसल्यास कोमट पाण्यांत भिजवून पिळलेलें फडकें कांहीं वेळ दाबून धरावें. मग कोपरा धरून, लेबल त्याच्याच अंगावर परत दुमडल्यासारखें, डब्याला जवळजवळ समांतर ओढीत न्यावें. सरळ उभें ओढूं नये.

लेबल कागदाचें असेल तर त्याचा वरचा गुळगुळीत थर आधीं सोलून काढावा, म्हणजे आंतला शोषक कागद उघडा पडतो. त्यावर खोबरेल किंवा शेंगदाण्याचें तेल बोटानें चोळून अर्धा तास तसेंच राहूं द्यावें. नंतर जुन्या, निकामी झालेल्या बँकेच्या कार्डाच्या कडेनें किंवा लांकडी चमच्याच्या दांड्यानें खरवडावें. चाकू व घासणीची तार यांस मात्र हात लावूं नये. त्यांनीं पडलेले ओरखडे कधींच जात नाहींत, आणि त्यांत पुढें मळ धरतो. उरलेल्या चिकट्यावर तेलांत कालविलेला खाण्याचा सोडा फडक्यानें गोल गोल फिरवावा. शेवटीं भांडीं घासण्याचा साबण व पाणी यांनीं डबा दोनदां धुवावा, कारण तेलाचा अंश राहिला तर तो खवट होतो व वाळवणाला वास लागतो. स्वच्छ, ठिसूळ जातीच्या पेटीवर तेल फार वेळ ठेवूं नये. अशा प्लॅस्टिकला तेलामुळें बारीक तडे जाण्याचा संभव असतो.

चिकट्याचा नुसता पातळ थर उरला असेल तर आणखी एक सोपी युक्ति आहे. चिकटपट्टीचा तुकडा त्यावर दाबावा आणि उचलावा, पुन्हा दाबावा आणि उचलावा. चिकट्याला चिकटाच ओढून आणतो.

घाई झालेला मनुष्य रॉकेल, पेट्रोल किंवा नखांचा रंग पुसण्याचें द्रव्य यांकडे वळतो. पहिलीं दोन ज्वालाग्राही आहेत; स्वयंपाकघरांत, शेगडीच्या आसपास, त्यांना स्थान नाहीं. शिवाय प्लॅस्टिक त्यांचा वास शोषून घेतें, आणि असा डबा अन्नासाठीं निरुपयोगी होतो. नखांच्या रंगाच्या द्रव्यांत बहुधा ॲसिटोन असतें. तें ६ आंकड्याचें प्लॅस्टिक विरघळवितें, आणि डाग जाण्याऐवजीं तेथें कायमचा पांढुरका व्रण पडतो. संत्र्याच्या सालीचें तेलहि त्या जातीला तितकेंच घातक आहे. दवाखान्यांत मिळणारें स्पिरिट त्या मानानें सौम्य, तरी तेंहि आधीं बुडाशीं थेंबभर लावून पाहावें.

कांहीं डब्यांवरील चित्रें मात्र कशानेंहि निघत नाहींत. तीं डबा ओततांनाच साच्यांत बसविलेलीं असतात, आणि प्लॅस्टिकशीं एकजीव होतात. त्यांच्याशीं झगडण्यांत अर्थ नाहीं.

आतां तें दुसरें टोक. देवळा तालुका कांद्याचा व डाळिंबाचा. उमराण्याच्या बाजारांत कांद्याची आवक असते, आणि गिरणेच्या काठीं लोहोणेरसारख्या गांवांतून बागाइती आहे. जेथें बागाइती तेथें फवारणी, आणि जेथें फवारणी तेथें औषधांचे रिकामे डबे आलेच. हे डबे जाड, घट्ट झांकणाचे व दिसायला देखणे असतात. लेबल काढून, घासूनपुसून त्यांत तेल, डाळ किंवा पाणी भरण्याचा मोह कोणालाहि होईल. या मोहास कधींहि बळी पडूं नये. विषाचा अंश प्लॅस्टिकमध्यें मुरतो, आणि लेबल गेलें म्हणून विष जात नाहीं. उलट, लेबल गेल्यानें तें विष आहे हें सांगणारी एकमेव खूण तेवढी जाते.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं १९७१ सालीं जे नियम झाले, त्यांनीं अशा प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापणें आवश्यक केलें. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल अतितीव्र, पिंवळा तीव्र, निळा मध्यम, हिरवा सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक असा त्याचा अर्थ नव्हे. तीहि विषाचीच पायरी आहे. विषबाधा झाल्यास काय करावें व उतारा कोणता, हेंहि त्याच लेबलावर असतें, आणि डॉक्टराला पहिल्या क्षणीं हवी असते ती हीच माहिती. म्हणून रोग्याबरोबर डबाहि दवाखान्यांत न्यावा. रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असें हे नियम सांगतात. ज्या कोणत्याहि डब्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाहीं, तो कितीहि स्वच्छ दिसला तरी अन्नासाठीं वापरूं नये, हा नियम शहरांतील घरांनींहि पाळण्यासारखा आहे.

स्वच्छ केलेल्या डब्यावर नवें नांव लावतांना पुढच्या वर्षींचा विचार आजच करावा. साध्या कागदाची चिठ्ठी खळीनें चिकटवावी, ती पाण्यानें निघते. किंवा चिठ्ठी डब्याच्या आंतल्या बाजूस, पापडांवर अक्षर बाहेर करून ठेवावी. विकतचें चिकट लेबल लावलेंच तर तें काम संपतांच काढावें. ताजा चिकटा सहज सुटतो. उन्हांत वर्ष काढलेला चिकटा वाळून कडक होतो आणि मग त्याला दुप्पट तेल व दुप्पट वेळ लागतो. औषधाच्या बाटलीचें लेबल मात्र बाटली रिकामी होऊन टाकून देईपर्यंत कोणीहि काढूं नये. ठिकठिकाणच्या गृहिणींनीं या दोन प्रकारच्या लेबलांतील भेद मुलांना एकदां हातीं घेऊन दाखविला, तर आखाजीच्या आधींचें हें डबे घासण्याचें कामहि उपयोगाचें शिक्षण होईल.